सासऱ्यांची शिवलेली पापणी

माझ्या सासऱ्यांइतका उतावळा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. वलगावला त्यांचा भाजीचा मळा होता आणि मुळा पोसला की नाही हे पाहायला ते रोज एखादा उपटून बघत. अकोल्याला जायचं तर दोन तास आधी स्टेशनावर, आणि गाडी अगदी वेळेवर आली तरी गार्डाला झापत. अशा माणसाच्या खालच्या पापणीवर, दुसरं महायुद्ध नुकतं संपलं होतं तेव्हा, वाईट गाठ आली.

अमरावतीच्या डॉक्टरांनी गाठीबरोबर जवळजवळ सगळी पापणी काढली. वरच्या पापणीचं आतलं अस्तर खाली ओढून नवी पापणी केली, तिच्यावर कानामागची कातडी लावली आणि डोळा शिवून टाकला. "हिला रक्त अजून वरूनच मिळतंय. खालचं रक्त मिळू लागलं की मधला जोड कापू. आधी कापला तर काळी पडून झडेल. सहा आठवडे थांबा."

"सहा? तेवढ्यात तं माही मेथी पेरून, तोडून, इकून होते!"

त्यांचा मुक्काम अमरावतीत आमच्याकडेच होता. पट्टी निघाल्यावर समोरच्या मास्तरीणबाई तक्रार घेऊन आल्या, की तुमचे सासरे येता-जाता डोळा मारतात. सासरे आतून ओरडले, "बाई, मी डोळा मारून नाई राहिलो, डोळा शिवेल हाय!"

रोज सकाळी आरसा घेऊन ते नव्या कातडीवर बोट दाबायचे. पांढरी होऊन पुन्हा गुलाबी झाली की चहा मागायचे. एके दिवशी कड निळसर दिसली. त्या दिवशी चहा मागितलाच नाही, तडक दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सुई टोचली, लाल थेंब आला, तसे सासरे ओरडले, "जित्ती हाय!"

चौथ्या आठवड्यात माझ्या बायकोची कात्री घेऊन ते आरशासमोर सापडले. तिनं कात्री काढून घेतली.

"बाबा, काहून असं करता?"

"तुही माय तिकडं अंथरुनाले खिळेल हाय. मी इथं बसून काय करू?"

त्यानंतरचे दोन आठवडे ती रोज त्यांच्याजवळ बसून राहिली. डॉक्टरांनी जोड कापला. पापणी जगली होती. केस नव्हते, पण मिटत होती. सासरे त्याच दिवशी वलगावला गेले.

सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या. मी पोचलो तेव्हा ते अंगणात बसले होते. त्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"डाक्टरनं सांगतलं होतं, जवाईबापू," ते म्हणाले. "वारं लागलं का या डोळ्यातून पानी येते."

दुसऱ्या डोळ्याबद्दल मी काही विचारलं नाही.