लाल कुलूप

पॅकिंगच्या अकरा बायकांपैकी देखभाल विभागासाठी एकीनेच अर्ज केला. एकोणीस वर्षं ती खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. आता ते काम यंत्र करणार होतं. बाकीच्या दहाजणी घरी गेल्या. हिला तीन महिन्यांची शिकाऊ मुदत मिळाली. शेवटी मिस्त्रीचा शेरा चांगला आला तर नोकरी, नाहीतर हीही घरी.

धाकट्या जावेनं विचारलं, "जाऊबाई, पन्नाशीला आलात आणि आता पान्हे घेऊन फिरणार? लोक नळ दुरुस्तीला बोलावतील हं."

"बोलावू देत. तुझा गळतोय तो आधी बघते."

पहिला आठवडा मिस्त्रीनं तिला कशालाच हात लावू दिला नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि बेअरिंगचा आवाज ऐकायचा, एवढंच. दुसऱ्या आठवड्यात ग्रीसचा पंप मिळाला. तिनं ग्रीस इतकं भरलं की बेअरिंग तापलं.

"बाई, बेअरिंग म्हणजे पाहुणा नव्हे," मिस्त्री म्हणाला, "आग्रह करकरून वाढायला."

मग कुलूप आलं. लाल, प्रत्येकाचं वेगळं, आणि त्याला चावी एकच. यंत्रात हात घालण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा आणि त्याला आपलं कुलूप लावायचं, म्हणजे आपण आत असताना कुणी यंत्र चालू करणार नाही.

"चावी अंगावरून काढायची नाही," मिस्त्रीनं बजावलं. "मालक आला तरी द्यायची नाही."

तिनं चावी घरच्या कपाटाच्या जुडग्यात अडकवली आणि जुडगा कमरेला खोचला. त्या दिवसापासून चावी अंगावरून हलली नाही.

अकराव्या आठवड्यात तिनं स्विचला कुलूप लावून खोकी वाहून नेणाऱ्या मोठ्या पट्ट्याचे रोलर साफ केले, ग्रीस मोजून घातलं, जाळ्या परत बसवल्या, हत्यारं पुसून ठेवली. तीनचा भोंगा झाला. ती हात धुऊन घरी गेली. कुलूप स्विचवरच राहिलं.

दुसऱ्या पाळीचे लोक पट्ट्याजवळ हात बांधून उभे राहिले. सुपरवायझरनं कुलूप कापायला करवत मागवली.

मिस्त्री स्विचसमोर जाऊन उभा राहिला. "जिचं कुलूप, तिनंच उघडायचं. ती पट्ट्याखाली नाही, हे आधी मला डोळ्यांनी दिसू दे."

"अहो, ती घरी गेलीय! फोनवर बोललो मी आत्ता!"

"मग येईलच."

ती रिक्षानं आली. तोवर पाऊण तास गेला होता. सुपरवायझरचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. ती त्याच्यासमोरून गेली, पण स्विचकडे वळली नाही. गुडघे टेकून तिनं पट्ट्याखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. एकेक जाळी हलवून पाहिली. पलीकडे उभ्या असलेल्या दोघांना मागे सरायला सांगितलं. मग कमरेचा जुडगा काढला. कपाटाची चावी आधी हाताला लागली. दुसऱ्या चावीनं कुलूप उघडलं.

"आधी उशीर, त्यात आणि हे नाटक!" सुपरवायझर म्हणाला. "मिस्त्री, शेरा आजच लिहा. बेजबाबदार, असा."

मिस्त्री तिला घेऊन टेबलाशी बसला.

"निघताना कुलूप काढायचं, हे तुम्ही सांगितलंच नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली.

"चप्पल घालून जा, हेही सांगायचं होतं का?"

मिस्त्री बराच वेळ लिहीत होता. मग त्यानं कागद तिच्याकडे सरकवला.

'चावी घेऊन घरी गेली. पट्टा पाऊण तास बंद. परत आल्यावर सगळे घाई करत असतानाही खाली पाहिल्याशिवाय कुलूप उघडलं नाही. कामावर ठेवावी.'

तिनं दोनदा वाचलं.

"यात तुमचं सांगायचं राहिलं, ते कुठाय?"

"जागा संपली," मिस्त्री म्हणाला.

कागद अर्ध्याहून जास्त कोरा होता. तिनं खाली सही केली.