करडईच्या काट्यांसाठी हातमोजे

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या वहिनींचा. मी बी.ए. झालो तो त्यांच्या डाव्या हाताच्या जोरावर.

करडई काढणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. उजव्या हातात विळा असतो आणि काटेरी झाड धरायचं ते डाव्याने. ऊन चढलं की काटे सुयांसारखे ताठ होतात, म्हणून माघाच्या थंडीत, दव असतानाच शेतात उतरायचं. दवाने काटा जरा नरमतो, पण बोटं बधिर होतात. वहिनी डाव्या हाताला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळत. ती घटकाभरात भिजून जाई आणि पुढचं सगळं कातडीवरच निभावे.

आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. बीडच्या शाळेत माझं नाव घालायचं निघालं तेव्हा दादा म्हणाला, "सुगीत ह्याची पात कोन धरील?" पात म्हणजे एकाने कापत न्यायचा पट्टा. वहिनी चुलीपुढून उठल्याही नाहीत. "माजी एक अन् भावजीची एक. दोनी म्या धरते. जाऊ द्या त्यास्नी." आणि दोन पाती धरूनही बांधावर पहिल्या त्याच पोचत. आम्हा घरच्यांना या गोष्टीचा मोठा तोरा होता.

मी हैदराबादेत शिकलो आणि तिथेच मास्तर झालो. एका दिवाळीला घरी गेलो तर वहिनी भाकरी थापत होत्या आणि त्यांचा डावा अंगठा वळत नव्हता.

"काटा आत मोडला व्हता. गेल्या सुगीत माजी पात मागं पडली, भावजी. पयल्यांदाच." त्या हसल्या, पण नजर परातीतच होती. "औंदा बगू. न्हाईतर म्हाताऱ्यावानी बांधावर बसून पाखरं राखू."

निघताना मी खळ्याच्या कडेला पडलेली करडईची वाळकी बोंडं एका डबीत भरून घेतली.

हैदराबादच्या बाजारात दुकानदाराने आधी लोकरीचे विणलेले हातमोजे काढले. ऊब चांगली होती. मी डावा चढवला आणि एक बोंड मुठीत दाबलं. काटे विणीतून थेट आत आले. मग साहेबलोकांचे पातळ कातड्याचे पाहिले, तर काटा बोटांच्या शिवणीतून शिरला. दुकानदाराने कपाळाला हात लावला.

"मास्टरसाब, दस्ताने खरीदने आये के मेरा माल फाड़ने?"

"काम करनेवाले हाथ के वास्ते होना."

"तो बग्गीवालों के देखो ना!"

ते बकऱ्याच्या जाड कातड्याचे होते, आत फलालीनचं अस्तर, शिवण दुहेरी. बोंड दाबलं तर त्याचाच चुरा झाला, माझ्या हाताला काही कळलं नाही. झाड धरल्यासारखी मूठ करून पाहिली, बोटं वळत होती. मनगट लांब होतं, दव आत जायची भीती नव्हती. भिजून कडक झाले तर तेल लावा, असं तो म्हणाला. तेलाची आमच्या घरी कसली वाण! माप माझ्याच हाताचं घेतलं, कारण वहिनींचा पंजा माझ्याइतकाच रुंद. मला डावाच हवा होता, पण तो म्हणाला, "फिर सीधे हाथ का क्या मैं सर पे पहनूं?" म्हणून जोड घेतला.

संक्रांतीला तो वहिनींच्या हातात दिला. शेजारची म्हातारी, जिची पात दरसाल वहिनींच्या पाठोपाठ असे, ती बघून म्हणाली, "का गं, मडमीण झालीस व्हय? मोजं घालून करडई काडनार?"

"मडमीण तर मडमीण," वहिनी म्हणाल्या. "औंदा मडमिनीच्या मागून या."

सुगी उरकून दादा हैदराबादला आला तो हसतच. "म्हातारी लई मागं राहिली, बे! तुजी वैनी बांधावर बसून तो मोजा हालवीत व्हती. समदं शिवार बगत व्हतं." मग गाठोड्यातून त्याने उजवा हातमोजा काढला, अगदी कोरा. "उजव्यात इळा सरकतो म्हनली. भावजी उजव्यानं लिवत्यात, त्यास्नी द्या म्हनली."

दादा परत गेल्यावर मी वहिनींना पत्र टाकलं. गावचे गुरुजी ते वाचून दाखवणार होते.

"वहिनी, तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहितो. उजवा पोचला. तुमची पात पहिली आली हे मी शाळेतल्या सगळ्या मास्तरांना सांगितलं. त्यांना पात ठाऊक नव्हती, ती समजावता समजावता तासाची घंटा झाली. डाव्या मोज्याला करडईचंच तेल चोळून ठेवा, उन्हात टाकू नका, उंदरांपासून जपा. अंगठा आता पुरता वळतो का, ते गुरुजींकडून कळवा. उजवा मी घालून पाहिला, पण तुमचा विळा सरकतो तसा माझा टाकही सरकतो. म्हणून तो वर्गात माझ्या खुर्चीमागे खुंटीला टांगला आहे. मुलं विचारतात, मास्तर, ह्याचा जोडीदार कुठे? मी सांगतो, तो आमच्या शेतावर कामाला असतो."