एक हात रिता

आमच्या टीममध्ये पाच जण. एक नाशिकचा, एक कोचीची, एक गुवाहाटीचा, एक इंदूरची आणि मी नवेगाव बांधच्या बाजूच्या खेड्यातून. कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. लोकांनी पाठवलेले विम्याचे कागद पूर्ण आहेत का ते तपासायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत पुढे पाठवायचं, एवढंच काम.

आमच्याकडे लाईटीचा काही भरवसा नाही. वारा सुटला की गेली. मग मी मोबाइलवरून ग्रुपवर दोनच शब्द टाकायचे, 'लाईट गेली'. मिनिटाच्या आत इंदूरवालीचं उत्तर यायचं, 'ले ली'. म्हणजे माझ्या उरलेल्या फाइली तिनं आपल्याकडे घेतल्या. काऊन गेली, कधी येणार, असं तिनं तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. तिची मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली की तिच्या फाइली मी घ्यायचे.

मग ऑफिसातून एक फॉर्म आला. सहकाऱ्यांवर तुमचा किती विश्वास आहे, प्रत्येकाच्या नावापुढे एक ते पाच गुण द्या. कुणी किती दिले ते कुणाला कळणार नाही. माझं डोकंच फिरलं. विश्वास काय धान आहे, पायलीनं मोजायला? पण भरावा तर लागणारच होता. नाशिक, कोची, गुवाहाटी यांच्याशी माझं काम क्वचितच पडायचं. तिघांना पाच-पाच देऊन मोकळी झाले. इंदूरवालीच्या नावावर मात्र थांबले. तिच्याबद्दल मला उगाच काही लिहायचं नव्हतं.

आमच्या घराण्यात तलाव बांधणारी माणसं होऊन गेली. गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आजही बाबांची रोज चक्कर असते. लहानपणापासून त्यांचं एकच ऐकत आले, "तलाव तोंडोतोंड भरू देऊ नये बाई. एक हात रिता ठेवा लागते, नाही तं पाळ फुटते." हे आमच्या घरात पाण्यापुरतं कधी राहिलंच नाही. बारावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा बाबा म्हणाले, "ठीक आहे." ज्याच्यावर जीव, त्याचं तोंडभर कौतुक करायचं नाही, नजर लागते. मी इंदूरवालीला चार दिले. माझ्या लेखी त्या फॉर्मवर याहून मोठा आकडा नव्हता.

पंधरा दिवसांनी दुपारी तिचा फोन आला. तिचं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं आणि घरात कमावणारी ती एकटी. बाकी सगळ्यांना पाचच्या पाच पडले, तिला एकटीला कुणीतरी चार दिले. साहेबांनी तिला विचारलं, टीममध्ये कुणाशी खटकलंय का? कंत्राट वाढवायचं की नाही ते आता बघू म्हणाले. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुमने नहीं दिया, इतना तो मैं जानती हूँ."

गप्प बसले असते तर तिला कधीच कळलं नसतं. पण म्हटलं, "मैंने ही दिया." आणि तलाव, पाळ, एक हात, बाबा, सगळं भडाभडा सांगत सुटले. सांगता सांगता मलाच ते मूर्खपणाचं वाटायला लागलं. तिनं "अच्छा" म्हटलं आणि फोन ठेवला.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, भरलेला आकडा आता बदलत नाही. मग मी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, चार मी दिले, आणि ते चारच खरे आहेत. बाकीच्यांना पाच-पाच मी न बघता दिले. नाशिकवाल्यानं अंगठा पाठवला.

बाबांना सांगितलं तर तेच माझ्यावर उखडले. "मी तलावाचं सांगून राहिलो होतो. मानसाले कायले लावलंस?" घ्या! जन्मभर माणसांनाच लावलं, आणि आता मला विचारतात. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

तिचं कंत्राट वाढलं, पण वर्षाऐवजी तीनच महिने. हेही मला ग्रुपवरून कळलं, तिनं सांगितलं नाही. आठवडाभर आमच्यात 'गुड मॉर्निंग'पलीकडे शब्द नव्हता. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते सांगायचं तर तिलाच सांगावं लागलं असतं.

मग एका दुपारी चार वाजता वारा सुटला आणि लाईट गेली. माझ्या पाच फाइली उरल्या होत्या. 'लाईट गेली' लिहून ते पाठवायची माझी हिंमत होईना. शेवटी पाठवलं. एक मिनिट गेलं. दोन गेली. दहा गेली. मी मोबाइल हातात धरून ओसरीवर येरझाऱ्या घालत होते.

मग उत्तर आलं. 'चार ले ली. एक छोड़ दी है, बाबूजी को बता देना.'

मी तिथंच पायरीवर बसले आणि रडत रडत हसले. पाचवी फाइल मोबाइलवरच, एकेक पान अंगठ्यानं सरकवत पुरी केली. पाठवली तेव्हा पाचला दोन मिनिटं कमी होती.