सुई टोचल्याची नोंद

"तुम्ही कोळी ना? मासळी साफ करताना काटे टोचतातच की. तसंच समज."

सिस्टर इनचार्ज हे बोलल्या तेव्हा माझ्या अंगठ्यातून रक्त येत होतं. भरल्या वॉर्डात बोलल्या. पेशंटचे दोन नातेवाईक हसले.

पेशंट तापात हात झटकत होता. त्याची सुई काढताना ती ग्लोव्हमधून माझ्या अंगठ्यात घुसली. त्याला एचआयव्ही होता. अशा वेळी संसर्ग टाळायच्या गोळ्या ताबडतोब सुरू कराव्या लागतात. हे मी शिकले होते. त्याही शिकल्या होत्या.

"मॅडम, गोळ्या द्या. रजिस्टरला नोंद करा."

"ते रजिस्टर परमनंट स्टाफचं. तू कंत्राटी. तुझ्या एजन्सीला सांग."

एजन्सीचा माणूस फोनवर म्हणाला, "साबणाने धुवा, घरी जा."

चार वर्षं मी त्या वॉर्डात नर्स होते. दर अकरा महिन्यांनी नवा कागद. परमनंटवाल्यांच्या रजा आम्ही भरून काढायच्या, चहा मात्र जिन्यात प्यायचा. स्टाफरूम त्यांची. मी कधी बोलले नाही. काम जाईल म्हणून.

पण घरी माझी मुलगी अंगावर पीत होती.

मी खाली कॅज्युअल्टीत गेले. डॉक्टरांसमोर उभी राहिले. म्हटलं, "केसपेपर काढा. तोपर्यंत मी हलणार नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काढला. गोळ्याही दिल्या.

महिनाभर उलट्या. मुलीचं दूध एका दिवसात तोडलं. ती दाराबाहेर रडायची, मी आत.

रिपोर्ट चांगले आले. मग एजन्सीच्या ऑफिसात बोलावणं आलं. समोर कागद ठेवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे सुई टोचली.' सही केली तरच पुढचे अकरा महिने.

मी एक दिवस मागून घेतला. घरी, सारसोळ्याला, आईला कागद वाचून दाखवला. ती नुकतीच बाजारातून आली होती. म्हणाली, "तुजी चुकी नाय, त कनाला लिवून देतीस?"

सही केली नाही. काम गेलं.

आता सीवूड्सला एका आजारी बाईंची देखभाल करते. गेल्या महिन्यात वॉर्डातल्या तिघी कंत्राटी नर्स घरी आल्या. तिघींनाही कधी ना कधी सुई टोचली होती. तिघीही गप्प राहिल्या होत्या. आम्ही बसून कामगार कार्यालयाला तक्रार लिहिली.

परवा एजन्सीचा फोन आला. "तुमचं नाव मागे घ्या. दुसरीकडे कामाला लावतो."

मी म्हटलं, "नाही."

तक्रारीवर पहिलं नाव माझं आहे. पूर्ण नाव, गावासकट. ते तिथेच राहील.