रेघेखालची पाणबुडी

माझी मावशी पाट्या रंगवते. 'डॉक्टर आत आहेत', 'येथे गाडी उभी करू नये', 'पायऱ्या ओल्या आहेत', गावात जिकडे बघाल तिकडे तिचीच अक्षरं. बोलतेही पाटीसारखंच, कमी आणि ठळक. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, अक्षरं जरा नाजूक नाही का काढता येणार?" मावशी म्हणाली, "येतील की. पण मग 'कुत्र्यापासून सावध' वाचून लोक कुत्र्याला कुरवाळायला आत येतील." तिला सगळे सरळरेघ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं.

दुकान खरं तर दोघांचं. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, चित्रं काढायचे आणि मावशी अक्षरं. चपलेच्या दुकानावरची चप्पल काकांची आणि 'चप्पल' मावशीची. दोघं एकाच फळीवर बसून एकच पाटी रंगवायचे आणि तोंडं अखंड चालू.

"तुमच्या म्हशीचं शिंग माझ्या मात्रेत घुसलंय."

"मग तुमची मात्रा आवरा की. म्हैस आधी आली होती."

बत्तीस वर्षं हे असंच चाललं. दुकानावर त्यांनी स्वतःची पाटी लावली होती, 'येथे अक्षरे व चित्रे काढून मिळतील.' दोन वर्षांपूर्वी काका गेले. महिन्याभराने मावशीने दुकानाला शिडी लावली आणि पाटीवरचं 'व चित्रे' तेवढं खरवडून काढलं. पडलेल्या दातासारखी मधेच जागा रिकामी राहिली. मला ते बघून रडू आलं, तर माझ्यावरच ओरडली, "मग काय, खोटी पाटी ठेवू?"

पण लोकांना पाटीवर चित्र लागतंच. सलूनवाल्याला कात्री हवी, दूधवाल्याला गाय हवी. मावशी सगळ्यांना परत पाठवायची. शेवटी एक दिवस मला म्हणाली, "महिनाअखेर दुकान बंद करते. अर्ध्या पाटीचं दुकान अर्धाच दिवस चालतं. उरलेला अर्धा दिवस मी त्यांच्या ब्रशांकडे बघत बसते."

हे मला सहन होईना. हात रिकामा राहिला तर ही बाई आठ दिवसांत आजारी पडेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पोहण्याच्या तलावाच्या कचेरीत काम करते. तिथे लहान मुलांना शिकवणाऱ्या बाई त्याच आठवड्यात म्हणाल्या, "छोट्या तलावाच्या भिंतीवर कुणी एक हसरी पाणबुडी काढून देईल का? मुलं डोकं पाण्याखाली घालायला घाबरतात हो." माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी मावशी देईल." जीभ घसरली असं मी सगळ्यांना सांगते. खोटं आहे ते.

"तुला काय अवदसा आठवली?" मावशी कडाडली. मग बराच वेळ ब्रश पुसत राहिली. पुसून झालेलेच ब्रश पुन्हा पुसले. "ठीक आहे," ती म्हणाली. "भिंत जमली तर दुकान राहील. नाही जमली तर ही शिडी तू घेऊन जा. तुझ्या घरी माळा आहे."

बाईंनी एक कागद दिला होता, 'नवशिक्यांसाठी पाच पायऱ्यांत पाणबुडी'. पहिली पायरी, लंबगोल काढा. मावशी त्या पहिल्याच पायरीवरून घसरली. पहिला लंबगोल बटाटा झाला. दुसरा वांगं. तिसरा कुणी बसून उठलेल्या उशीसारखा. तीन दिवस जुनी वर्तमानपत्रं पुरली नाहीत. मी हसू दाबत होते आणि ती मला बघत होती.

"हस, हस. अगं, याची सुरुवात कुठे, शेवट कुठे? जे वाचता येत नाही ते मी काढू कसं?" आणि मग हळूच म्हणाली, "ते असते तर चहा निवायच्या आत काढून मोकळे झाले असते." माझं हसू तिथेच विरलं.

शनिवारी दुपारी आम्ही भिंतीसमोर उभ्या राहिलो. तलावाला सुट्टी होती, पाणी गप्प होतं, औषधाचा वास नाकात जात होता. सोमवारी नवीन मुलांचा वर्ग. मी कागद पुढे केला. "लंबगोल," मी म्हटलं.

"आधी रेघ," मावशी म्हणाली. "रेघ मारल्याशिवाय माझा हात उठत नाही."

निळी पूड लावलेल्या दोऱ्याचं एक टोक मी धरलं, एक तिने. दोरा ताणून फटकन सोडला. पांढऱ्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ उमटली. ती तिने रंगाने पक्की केली आणि मग त्या रेघेसमोर ब्रश घेऊन नुसती उभी राहिली. मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि नखं खाऊ लागले.

"या रेघेला काहीतरी लटकवायला पाहिजे," ती पुटपुटली. जन्मभर तिने तेच केलं होतं, रेघेखाली अक्षरं लटकवली होती. "शून्य काढते. लठ्ठ. दोन्हीकडून ओढलेलं." आणि एका दमात काढलं.

मी उडीच मारली. "मावशी, लंबगोल!"

"गप्प बस. शून्य आहे ते."

मग तिला थांबवायची कुणाची टाप! शून्याच्या पाठीवर एक ठेंगणा काना, शेजारी दुसरा काना, वर आडवी रेघ, झाली खोली. पोटात तीन ठ काढून वरचे देठ सोडून दिले, झाल्या खिडक्या. शेपटाकडे विसर्गाचे दोन ठिपके ओढून लांब केले, झाला पंखा. 'बॅट'वर असतो तो चंद्र नाकाखाली ठेवला तर पाणबुडी चक्क हसायलाच लागली. आणि खोलीवर दिली एक वेलांटी, झाला बघायचा डोळा. ती निळ्या रेघेच्या वर निघाली, जशी वेलांटी नेहमी निघते.

मावशी चार पावलं मागे सरकली. "अगं बाई," ती म्हणाली. "रेघ म्हणजे पाणीच की! पाणबुडी खाली, आणि वेलांटी तेवढी पाण्यावर डोकावतेय." ती इतकी हसली की हातातला ब्रश माझ्या नाकाला लागला. "इतकी वर्षं मी पाणबुड्याच काढत होते आणि कुणी सांगितलं नाही मला!"

रंग देताना तिने काकांचा केशरी डबा उघडला. वर साय धरली होती. ती फोडली तर खाली रंग अगदी ताजा होता. मावशीने डोळे पुसले आणि गालावर केशरी पट्टा ओढून घेतला. मी काही सांगितलं नाही, तशीच तिला बसमधून घरी आणली.

सोमवारी आठ मुलं आली. सात जण काठावर रांगेत बसले. आठवी एक छोटी मुलगी सगळ्यांच्या मागे, कठडा दोन्ही हातांनी धरून. तिने भिंतीकडे टक लावून बघितलं आणि मोठ्याने म्हणाली, "पाणबुडी तिकडे चाललीय आणि तिचा डोळा इकडे, मागे बघतोय."

मी बघितलं आणि कपाळावर हात मारला. अक्षर झालं की मागाहून द्यायची ती दुसरी वेलांटी, मागे वळलेली. सवयीने हाताने तीच दिली होती. काका असते तर वर्षभर चिडवलं असतं. मावशीचा चेहरा पडला. तिचं दुकान माझ्या माळ्यावर चढताना मला दिसू लागलं.

बाई समजुतीने म्हणाल्या, "ताई, रंग आहे ना उरलेला? वळवून टाकू."

मावशीने डोळ्याकडे बघितलं. मग कठडा धरलेल्या मुलीकडे बघितलं.

"वळवायचा कशाला?" ती म्हणाली. "मागे कोण राहिलंय ते बघतेय ती. त्याला घेतल्याशिवाय पुढे जात नाही."

मुलीने जरा विचार केला. "मी सगळ्यात शेवटी आले तरी?"

"तुलाच तर बघतेय."

मुलीने एक हात सोडला. मग दुसरा. पायरीवर बसली, पाण्यात उतरली, नाक धरलं आणि बुडाली. वर बुडबुडे आले, एक, दोन, पाच.

"अनुस्वार राहिलेच होते बघ माझे!" मावशी ओरडली. मुलगी खोकत, हसत वर आली आणि लगेच पुन्हा बुडाली.

वर्ग सुटल्यावर मावशी मुलांना घेऊन कोरड्या फरशीवर उकिडवी बसली. "आधी रेघ. मग लठ्ठ शून्य. ठ येतो ना? मग खिडकी येते." ओल्या बोटांनी आठ पाणबुड्या उमटल्या, वाळल्या, पुन्हा उमटल्या. आठही पाणबुड्यांचे डोळे मागे बघत होते. कुणी दुरुस्त केले नाहीत.

परत येताना मावशी दुकानापाशी थांबली. "शिडी धर," म्हणाली. मला वाटलं, निघाली ही माझ्या माळ्यावर. पण शिडी घरी न्यायची नव्हती. ती वर चढली आणि पाटीवरच्या रिकाम्या जागेत 'व चित्रे' पुन्हा लिहिलं. खाली उतरली, लांबून बघितलं, मान हलवली. पुन्हा वर चढली आणि त्याच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'सध्या फक्त पाणबुडी'.