तांब्यावरचं धुकं

“मला हल्ली सगळं असंच दिसतं,” प्रदर्शनातल्या भिंतीवरच्या अमेरिकन चित्राकडे बघत आई बाबांना हळूच म्हणाली.

बाबा हसले. “म्हणजे तुझी अमेरिका घरबसल्या झाली की!”

तीही हसली. “पोरीला सांगू नका हं, उगाच घाबरेल.”

मी त्यांच्या मागेच उभी होते. शंभरेक वर्षांपूर्वीची ही अमेरिकन छापचित्रं दाखवायला मीच त्यांना हट्टाने आणलं होतं. या चित्रात संध्याकाळचा पूल होता, प्रत्येक दिव्याभोवती कडं होतं आणि माणसं पाय नसल्यासारखी तरंगत चालली होती. मला ते स्वप्न वाटलं होतं.

बसस्टॉपवर आई हल्ली मला बसचा नंबर वाचायला लावते. मी फारशी बोलत नाही, म्हणून ती मला बोलतं करते, असं मी समजत होते.

चित्रकाराने हे धुकं छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून आणलं होतं, आणि हवं तेवढं झाल्यावर पत्रा आम्लातून बाहेर काढला होता. आईच्या डोळ्यांतलं धुकं कोण थांबवणार, मला कळेना. पुढच्या चित्राकडे वळताना ती भिंत चाचपत होती.

“आई,” मी म्हणाले, “असं कधीपासून दिसतंय तुला?”