आमच्या कॉलनीची जाळरेषा

संभाजीनगरच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची कॉलनी आहे. शेवटची रांग अगदी उताराला टेकलेली. त्या रांगेत माझं घर. उभी हयात वाळूजच्या कंपनीत गेली, बजाजनगरच्या दोन खोल्यांत संसार झाला, आणि निवृत्त झाल्यावर लई हौसेनं हे घर बांधलं. मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो म्हणून पाव्हण्यांना मुद्दाम तिथंच बसवायचो. आता ती खिडकी मी उघडत नाही.

डोंगरावर, आमच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर, एक धनगर नवरा-बायको राहायचे. कुडाची खोप, शेजारी कडब्याची छोटी गंजी. नवरा सकाळी मेंढरं घेऊन वर जायचा, आणि चालता न येणारी कोकरं खोपीत बायकोजवळ राहायची. तिला सगळी कॉलनी मावशी म्हणायची. मधल्या पट्ट्यातलं गवत मेंढरं खाऊन साफ ठेवायची, पण ते आम्हाला कळलं तर ना! लेंड्या पडतात, वास येतो, आम्ही लावलेली झाडं खातात, अशी ओरड सुरू झाली. मी कॉलनीचा सचिव. मीच पुढं होऊन त्या पट्ट्याला तारेचं कुंपण घालून घेतलं. मावशी एवढंच म्हणाली, "भाऊ, गवत लई वाढंल हां." मला वाटलं, हिला चराई गेल्याचं दुखतंय.

दोन पावसाळ्यांत गवत कमरेला लागलं. मग एका मार्चमध्ये पलीकडच्या टेकडीला वणवा लागला आणि त्याची काळी राख आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर येऊन पडली. तेव्हा कुठं सगळे जागे झाले. डोंगरावरून आग उतरली तर पहिली रांग आमचीच. बैठक बसली आणि जाळरेषा काढायचं ठरलं. म्हणजे दोन बाजूंचं गवत खरडून काढायचं आणि मधला पट्टा आपणच आधी जाळून टाकायचा, म्हणजे वणवा आला तरी त्याला पुढं खायला काही उरत नाही. जमीन वनखात्याची. परवानगीचा कागद कुठंतरी अडकलेला. "येईल तेव्हा येईल," मी म्हणालो, "घरं जळाल्यावर कागद काय चाटायचाय?"

वैजापूरकडचा शेतकऱ्याचा पोरगा मी. बांध पेटवतच मोठा झालो. दव असताना, वारा पडलेला असताना, हातात कडुनिंबाच्या फांद्या घेऊन पेटवायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. रविवारी सकाळी सहाची वेळ मीच दिली होती.

पण आमच्यात नारळ फोडल्याशिवाय काही सुरू होतं का? बोअर घ्या, रस्ता करा, नाहीतर गवत जाळा, नारळ पाहिजे आणि तो फोडायला पाहुणा पाहिजे. माजी नगरसेवकांना बोलावलं होतं. ते एका साखरपुड्यातून परस्पर येणार होते. सहाचे आठ झाले, आठाचे दहा. पोहे खाऊन झाले, दोनदा चहा झाला. कॉलनीतले लोक टोप्या घालून फोटो काढत बसले. साहेब आले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

मावशी खाली कुंपणापाशी आली. "भाऊ, आता नका पेटवू. ऊन चढलं, वारं वर चाललंय. उद्या पहाटं पेटवा, मी बी येते फांदी घिऊन."

तिचं बरोबर होतं. मला ते त्याच क्षणी कळलं होतं, हे मी आज कबूल करतो. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. उद्या सोमवार, कुणी येणार नाही, हसं होईल. "मावशी, बांध काय कमी पेटवलेत मी?" असं म्हणून मी काडी ओढली. नारळ फुटला, टाळ्या पडल्या.

पहिल्या झुळकीलाच आग खरडलेल्या पट्टीवरून पलीकडं गेली. आमच्याकडं नाही. वर. आम्ही फांद्या घेऊन धावलो, पण चढावर आगीच्या मागं माणूस किती पळणार? ओल्या फांद्यांची पानं करपली, धुरानं डोळे मिटले. अग्निशमनचा बंब आला तो आमच्या घरांपाशीच थांबला. वर गाडी चढत नव्हती. गंजी पेटली, मग खोप. नवरा मेंढरं घेऊन डोंगरापलीकडं गेला होता. मावशी आत शिरली आणि दोन कोकरं घेऊन बाहेर आली. परत शिरायला निघाली तेव्हा मी तिला कमरेला धरून मागं ओढलं. आतली कोकरं ओरडत होती. किती वेळ ओरडत होती, ते मला सांगवत नाही.

आमच्या एकाही घराची काच तडकली नाही. संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मग आमच्यातल्या एका वकिलानं बैठक बोलावली. वनजमिनीवर आग लावणं हा गुन्हा आहे, तेव्हा कुणी विचारलं तर वणवा वरून आला, एवढंच सांगायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. हरामखोर!

दुसऱ्या दिवशी वनरक्षक पंचनाम्याला आला. जळक्या खोपीपुढं मावशी बसली होती, दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. तो तिलाच म्हणाला, "नवं गवत फुटावं म्हणून तुम्हीच पेटवलं ना? दरसाल तुमच्याच लोकांची कामं ही."

"नाय साहेब," ती म्हणाली. "माझंच घर मी कशाला जाळीन? ह्या भाऊंना इचारा. ते हुते हितंच. शेतकऱ्याच्या घरचे हायेत, खोटं नाय बोलायचे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. कॉलनीतले सातआठ जण माझ्या मागं उभे होते.

"मी तेव्हा घरात होतो," मी म्हणालो.

वनरक्षकानं पंचनाम्याचा कागद मावशीपुढं केला. उजव्या हाताची कातडी निघाली होती, अंगठा उमटेना. मग त्यानं डाव्या हाताचं फडकं सोडलं.